बेणणीचा मोवर आणि घाटावरून आलेला जुना ट्रॅक्टर

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या कृषी पुरवणीत आंबा बागेतल्या बेणणीच्या, म्हणजे वाढलेलं गवत काढण्याच्या, खर्चावर लेख आला होता. ग्रासकटरवाल्यांची मजुरी, पेट्रोल, माणसंच न मिळणं आणि त्यावर तोड म्हणून ट्रॅक्टरच्या मागे जोडायचा, गवत कापणारा मोवर, असा सगळा हिशेब त्यात आहे. हिशेब मला पटला. पण जाता जाता लेखक म्हणतात की ट्रॅक्टर नवाच हवा असं काही नाही, जुना सेकंडहँड असला तरी काम भागतं. त्या एका वाक्यासाठी हे पत्र लिहितो आहे. काम भागतं हे खरं. पण जुना ट्रॅक्टर आणि मोवर यांची जोडी जुळवून घ्यावी लागते, आणि ते आपल्याकडे कोणी करत नाही.

मी एसटीच्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेला यांत्रिक. देवगड तालुक्यात सड्यावर, म्हणजे कातळाच्या पठारावर, आमची वडिलोपार्जित कलमं आहेत. निवृत्तीनंतर बाग बघतो आणि आजूबाजूच्या गावांतले ट्रॅक्टर, पॉवर टिलर, पंप माझ्या मांगरात (बागेतल्या खोपटात) दुरुस्तीला येतात. पैसे कोणी देतो, कोणी फणस आणून देतो.

आपल्याकडे येणारे ट्रॅक्टर कुठून येतात हे आधी सांगतो. कोल्हापूर-सांगलीकडचा शेतकरी ऊस वाहून वाहून ट्रॅक्टर थकला की नवा घेतो आणि जुना फोंडा घाटाने किंवा गगनबावड्याने खाली उतरतो. तीस-पस्तीस वर्षांचं यंत्र, इंजिन अजून ठणठणीत, किंमत परवडणारी. तिकडे त्याने नांगर ओढला, ट्रॉली ओढली. त्या कामात त्याचे काही दोष कधी दिसलेच नाहीत. मागे फिरतं पातं लावलं की ते दिसतात, आणि तेही नेमके कातळाच्या कडेला.

सगळ्यात मोठी गोष्ट क्लचची. नव्या ट्रॅक्टरांत बहुधा दोन क्लच असतात. पेडल अर्धं दाबलं की चाकं सुटतात आणि पीटीओ, म्हणजे मागच्या यंत्राला ताकद देणारा ट्रॅक्टरचा दांडा, फिरत राहतो; पूर्ण दाबलं की पीटीओही सुटतो. काही मॉडेलांत पीटीओसाठी वेगळा लिव्हरच असतो. जुन्या पुष्कळ ट्रॅक्टरांत क्लच एकच. इंजिनाची ताकद क्लचमधून गिअरबॉक्समध्ये जाते आणि तिथूनच एक वाट चाकांकडे, दुसरी पीटीओकडे फुटते. म्हणजे क्लच दाबला तर इंजिन सुटतं, पण चाकं आणि पीटीओ एकमेकांशी जोडलेलेच राहतात.

नांगराला याचा काही फरक पडत नाही, कारण नांगर फिरत नाही. मोवरमध्ये खाली जाड पोलादी तबकडी, तिला दोन वजनदार पाती, आणि हे सगळं गरगरत असतं. चालक क्लच दाबतो, इंजिन सुटतं. पण पाती काही लगेच थांबत नाहीत. त्यांचा वेग पीटीओ आणि मोवर यांना जोडणाऱ्या शाफ्टमधून उलटा गिअरबॉक्समध्ये येतो आणि चाकं पुढे ढकलतो. चालकाचा पाय क्लचवर पूर्ण दाबलेला, आणि ट्रॅक्टर चाललेलाच.

आमच्या शेजारच्या वाडीत गेल्या बेणणीला हेच झालं. चालक मुलगा चांगला, ट्रॉली चालवण्यात तरबेज. गडग्यापाशी (दगडी बांधापाशी) वळायचं म्हणून त्याने क्लच दाबला. ट्रॅक्टर तसाच पुढे गेला आणि गडग्याचे दोन थर पाडून थांबला. मी पोचलो तेव्हा तो मुलगा पांढराफटक पडला होता. "काका, क्लच दाबलो तरी थांबाक नाय!" एवढंच पुन्हा पुन्हा म्हणत होता. सगळ्यांनी त्याला वेड्यात काढलं. कोणी म्हणालं क्लच प्लेट चिकटली असणार, कोणी म्हणालं पाय घसरला असणार. प्लेट खोलून बघितली, ती उत्तम होती. मुलगा खरं बोलत होता. गडग्याच्या जागी बिनकठड्याची विहीर असती तर मात्र हे सांगायला तो राहिला नसता, आणि आपल्या बागांतून अशा विहिरी किती आहेत ते मी सांगायला नको.

हा दोष नवा नाही, फक्त आपल्याकडचा तर मुळीच नाही. अमेरिकेत 1947 ते 1952 या काळात फोर्डचा 8एन नावाचा छोटा ट्रॅक्टर निघत असे. त्याचा पीटीओ असाच गिअरबॉक्समधून चालणारा. तो ट्रॅक्टर आजही तिकडे लोक हौसेने गवत कापायला वापरतात, आणि त्याला मोवर जोडायचा तर ओव्हररनिंग क्लच लावायचा, हे तिथल्या जाणत्या शेतकऱ्याला पाठ असतं. पीटीओच्या दांड्यावर बसवायचा हा एक छोटा जोड आहे. काम अगदी सायकलच्या फ्रीव्हीलचं: पेडल मारलं की चाक फिरतं, पेडल थांबवलं तरी चाक आपलं फिरत राहतं, पण ते पेडलला फिरवत नाही. तसंच ट्रॅक्टर मोवरला फिरवेल, मोवर ट्रॅक्टरला ढकलू शकणार नाही.

हा जोड मागवून घेता येतो. मागवताना पीटीओच्या दांड्याला किती खाचा आहेत आणि जाडी किती ते मोजून सांगावं. मिनिटाला 540 फेऱ्यांच्या नेहमीच्या पीटीओला सहा खाचा आणि 35 मिलिमीटर व्यास असतो. काही मोवरच्या शाफ्टमध्ये हा क्लच आतच बसवलेला येतो, म्हणून आधी तपासावं. हाताने शाफ्ट एका बाजूला फिरवला तर पातं फिरतं आणि उलट फिरवला तर मोकळा फिरतो, असं असेल तर तो आहे. (हे अर्थातच इंजिन बंद आणि किल्ली खिशात असताना.)

आता एक गोष्ट दुकानदार सांगत नाही. हा जोड बसवला की शाफ्टची जागा चार इंच कमी होते. शाफ्ट एकात एक सरकणाऱ्या दोन नळ्यांचा असतो. जागा कमी झाली आणि नळ्या कापल्या नाहीत, तर मोवर वर-खाली करताना कुठेतरी त्या पूर्ण आत घुसून टेकतात. मग सगळा दाब पीटीओच्या बेअरिंगवर आणि मोवरच्या गिअरबॉक्सवर. मी असे फुटलेले गिअरबॉक्स पाहिले आहेत, आणि मालकाचं म्हणणं प्रत्येक वेळी एकच, की मोवर हलका निघाला. उलट नळ्या फार कापल्या तर मोवर खाली टेकवताना त्या सुटतात आणि अर्धा शाफ्ट मोकळा आपटत फिरतो. म्हणून मोवर लिफ्टने हळूहळू सगळ्यात वर, मग सगळ्यात खाली नेऊन मधे-मधे मोजायचं. कुठेही नळ्या टेकता कामा नयेत, आणि सगळ्यात लांब झाल्यावरही निदान एक तृतीयांश लांबी एकमेकांत राहिली पाहिजे. दोन्ही नळ्या सारख्याच कापायच्या, वरचं प्लॅस्टिकचं आवरणही तेवढंच कापायचं. काम तासाभराचं आहे.

हा क्लच लावला म्हणून ट्रॅक्टर नवा होत नाही. क्लच दाबला की पीटीओची ताकद अजूनही जाणारच. उंच गवतात थांबायची वेळ आली तर पाती मंदावतात आणि गवत गुंडाळतं. म्हणून गिअर पहिलाच ठेवायचा, थ्रॉटल पीटीओच्या 540 फेऱ्यांना जो लागतो तेवढा ठेवायचा, आणि गवत दाट असेल तर एका वेळी अर्धीच रुंदी कापायची. घाईने दुसरा गिअर टाकून गवत लोळवत जाणाऱ्यांचं काम मी पाहतो. चार दिवसांनी गवत पुन्हा उभं राहतं.

आणि ज्याला ओव्हररनिंग क्लच मिळेपर्यंत काम करायचंच आहे, त्याने वळणाच्या बरंच आधी थ्रॉटल खाली आणावा, पात्यांचा जोर उतरू द्यावा, मग क्लच आणि ब्रेक एकदम दाबावे. गडगा, विहीर, मळीची कड इथपासून दोन-तीन ट्रॅक्टर अंतर सोडून ते गवत कोयतीने कापावं. सड्याची कड मोजण्याची हिंमत दाखवायची काही गरज नाही.

ब्रेकवरून आठवलं. जुन्या ट्रॅक्टरची दोन ब्रेक पेडलं असतात, डावं-उजवं वेगळं, शेतात वळायला सोयीचं. त्यांना जोडणारी पट्टी असते ती मात्र बहुतेक वेळा हरवलेली असते. उतारावर एकाच बाजूचा ब्रेक लागला तर ट्रॅक्टर गर्रकन फिरतो. पट्टी कुठल्याही वेल्डरकडे करून मिळते.

दुसरा विषय शाफ्टवरच्या आवरणाचा. नव्या मोवरवर पिवळं किंवा काळं प्लॅस्टिकचं नळकांडं असतं, आणि त्याला बारीक साखळी असते. साखळीचं टोक ट्रॅक्टरला अडकवलं की आतला शाफ्ट फिरतो आणि नळकांडं स्थिर राहतं. आपल्याकडे पहिल्याच वर्षी ते जातं. उन्हाने ठिसूळ होतं, नाहीतर ग्रीस मारायला अडचण म्हणून मालकच काढून टाकतो. उघडा शाफ्ट मिनिटाला 540 फेरे म्हणजे सेकंदाला नऊ फेरे फिरतो. त्यात कापडाचं टोक अडकलं तर हात मागे घ्यायला वेळ मिळतच नाही. आपल्याकडे बागेत काम करणाऱ्याच्या अंगावर काय असतं ते पाहा. कमरेला पंचा, खांद्यावर टॉवेल, सकाळच्या गारठ्यात मफलर. बायकांचा पदर. यातलं एकेक त्या शाफ्टसाठी पुरेसं आहे. चालकाने पँट घालावी, शर्ट खोचावा, टॉवेल मांगरात ठेवावा. वय झालेल्या माणसांना हे सांगणं अवघड जातं, हे मला ठाऊक आहे, मलाही माझे थोरले बंधू "तू मला शिकवतोस?" असंच विचारतात. नळकांडं शाबूत आहे की नाही याची परीक्षा सोपी: इंजिन बंद असताना ते हाताने सहज फिरलं पाहिजे. फिरत नसेल तर ते आतल्या शाफ्टला चिकटलं आहे आणि त्याच्याबरोबरच फिरणार. असलं आवरण म्हणजे आवरण नाही. ते नवं मिळतं, बदलता येतं.

फिरत्या शाफ्टवरून पाय टाकून पलीकडे जायचं नाही. किंबहुना पीटीओ चालू असताना ट्रॅक्टरवरून उतरायचंच नाही. गवत गुंडाळलं, फांदी अडकली, काहीही झालं तरी पीटीओ सोडायचा, मोवर खाली टेकवायचा, गिअर न्यूट्रलला, ब्रेक लावायचा, इंजिन बंद करायचं, किल्ली काढायची आणि पाती पूर्ण थांबलेली डोळ्यांनी बघायची. पीटीओ सोडल्यावरही पाती बराच वेळ फिरतात. ऐकू येत नाहीत, पण फिरतात. ओव्हररनिंग क्लच लावला असेल तर आणखीच, कारण त्यांना अडवायला ट्रॅक्टरच नसतो.

मोवरखाली जायची वेळ येते तेव्हा तर फार सांभाळायला हवं. पात्याला धार लावायची असते, नाहीतर ठिबकचा पाइप किंवा तार गुंडाळलेली असते. जुन्या ट्रॅक्टरचं हायड्रोलिक गळतं. मोवर वर उचलून इंजिन बंद केलं की तो हळूहळू खाली बसतो, आणि कधी कधी एकदम बसतो. लोक काय करतात, खाली जांभ्याचे चिरे रचतात. आपल्या हाताशी चिरे असतात म्हणून. जांभा भिंतीत उभा राहिला तर पिढ्यान्‌पिढ्या टिकतो, पण अशा टोकदार वजनाखाली तो फुटतो, आणि फुटताना आधी सांगत नाही. जाड लाकडी ओंडके लावावेत, दोन्ही बाजूंनी, आणि मग हायड्रोलिकचा दांडा खाली करून मोवर ओंडक्यांवर टेकला आहे याची खात्री करावी.

सेल्फ खराब झाला की जमिनीवर उभं राहून, चाकांच्या मधे वाकून, स्टार्टरच्या दोन टोकांवर स्क्रू ड्रायव्हर टेकवून ट्रॅक्टर चालू करण्याची एक पद्धत आहे. मी ती गावोगाव पाहतो. जुन्या ट्रॅक्टरला न्यूट्रल नसताना सेल्फ मारू न देणारं बटण बहुधा नसतंच, असलं तरी या पद्धतीत ते बाद होतं. ट्रॅक्टर गिअरमध्ये राहिलेला असेल तर तो चालू होतानाच पुढे येतो आणि समोर तुम्ही असता. माझ्या मांगरात कोणी हे केलं तर मी त्याला चहा न देता परत पाठवतो.

आता दगड. मोवर म्हटला की लोकांना पात्याचीच भीती वाटते, पण पातं मोवरच्या पत्र्याखाली असतं. बाहेर जो येतो तो दगड. पाच फुटी मोवरचं पातं मिनिटाला आठशेच्या आसपास फिरतं असं धरलं, तर त्याच्या टोकाचा वेग ताशी सव्वादोनशे किलोमीटरपर्यंत जातो. त्या टोकाला जांभ्याचा खडा लागला तर तो कुठे जाईल याचा नेम नाही. मोवरच्या पुढे-मागे साखळ्या किंवा रबरी पट्टे असतात ते याचसाठी. भाड्याच्या मोवरवर निम्म्या साखळ्या तुटलेल्या असतात. मोवर आणला की आधी त्या मोजाव्यात, आणि तुटलेल्या लावून घेऊनच भाडं ठरवावं.

आपला सडा म्हणजे मातीपेक्षा दगड जास्त. पावसाळ्यानंतर गवत कमरेएवढं होतं आणि त्यात कातळाची उंचवटी, सुरुंग लावून पाडलेल्या खड्ड्यांची कड, कलमाच्या आळ्याचे दगड सगळं बुडून जातं. मी मोवर लावण्याआधी बाग चालून येतो. पायात गमबूट, हातात काठी. काठी फुरशासाठी, कारण आमच्या सड्यावर त्यांची कमी नाही. खिळलेल्या दगडांच्या बाजूला चुन्याने रंगवलेली काठी रोवतो. सुटे दगड, ठिबकचे पाइप, आंबे काढायची पडलेली घळ, कुंपणाची तार, गेल्या मोसमातले क्रेटचे तुकडे उचलतो. तारेइतकं वाईट काही नाही. ती पात्याला गुंडाळते आणि तिचं टोक बाहेर चाबकासारखं सुटतं, म्हणून तार दिसली की ती सोडून मी पुढे जात नाही.

मोवरच्या मागे गवत गोळा करणारी माणसं चालत येतात, ही आपल्याकडची खरी अडचण. गुरांना ओलं गवत हवं असतं, ते ताजं उचललं तर बरं, म्हणून बायका टोपल्या घेऊन मागोमाग येतात. मुलंही येतात. त्यांना सांगून ठेवायचं की निदान शंभर पावलं लांब, आणि एक पट्टा कापून झाला, यंत्र बंद झालं, की मग या. रस्त्याकडेची बाग असेल तर रस्त्यावर माणूस दिसला की थांबावं. आणि मडगार्डवर कोणी बसायचं नाही. ट्रॅक्टरवर जागा एकाची. आपल्याकडे मदतनीस मडगार्डवर बसतो, आंब्याच्या फांद्या हाताने बाजूला करतो. हापूसची कलमं खाली वाकलेली असतात, एका फांदीने ढकललं तर तो नेमका मागे पडतो, आणि मागे मोवर आहे. फांद्या अडत असतील तर आदल्या दिवशी छाटाव्यात.

बुंध्याजवळ मोवर नेऊच नये, हे सुरक्षेपेक्षा बागेसाठी सांगतो. साल सोलवटली की त्या जखमेतून खोडकिड्याला वाट मिळते. आळ्यातलं गवत हातानेच काढायचं. तेवढी मजुरी वाचवून कलम घालवण्यात अर्थ नाही.

उताराचं थोडं. मोवर मागे लटकला की ट्रॅक्टरचं पुढचं टोक हलकं होतं. सपाटीवर कळत नाही. चढावर पुढची चाकं जमीन सोडायला बघतात, स्टीअरिंग हलकं लागतं. तेव्हा पुढे वजनं लावली पाहिजेत. जुन्या ट्रॅक्टरची मूळ लोखंडी वजनं बहुधा घाटावरच राहिलेली असतात. चढ असेल तर रिव्हर्सने चढावं आणि पुढे तोंड करून उतरत कापत यावं. आडव्या उतारावर मोवर जमिनीलगत ठेवावा, उचलून वळू नये. दवात भिजलेलं गवत तर फारच घसरतं. दहा वाजेपर्यंत मी ट्रॅक्टर काढत नाही, लोक हसले तरी.

जुन्या ट्रॅक्टरवर पलटी झाल्यास चालकाला वाचवणारी पोलादी चौकट नसते. लोक ऊन लागू नये म्हणून पत्र्याचं छप्पर लावतात आणि तेच संरक्षण समजतात. ते चेपतं. गावातल्या वेल्डरकडून पाइपची चौकट करून घेतात तीही तसलीच, कारण तिची परीक्षा कोणी घेतलेली नसते. स्वीडनने 1959 साली नव्या ट्रॅक्टरांना ही चौकट सक्तीची केली. आपल्या जुन्या ट्रॅक्टरला ती बनवणाऱ्या कंपनीकडून मिळत असेल तर लावावी आणि मग पट्टा बांधावा. चौकट नसेल तर पट्टा बांधू नये. उलटत्या ट्रॅक्टरला स्वतःला बांधून घेतल्यासारखं होईल. चौकट मिळत नसेल तर तीव्र उतारावर ट्रॅक्टर नेऊ नये, तिथे ग्रासकटरच बरा.

खाऱ्या हवेची एक गोष्ट आपल्याकडचीच. ज्या मोवरला स्लिप क्लच असतो, तो दगड लागला की घसरावा आणि गिअरबॉक्स वाचवावा म्हणून असतो. पावसाळाभर मांगरात पडून त्याच्या तबकड्या गंजून एकमेकींना चिकटतात. मग दगड लागला तरी तो घसरत नाही. मोसमाच्या सुरुवातीला स्प्रिंगचे नट सैल करून तो एकदा फिरवून मोकळा करावा आणि पुस्तकात दिल्याप्रमाणे पुन्हा आवळावा. शिअर बोल्टवाला मोवर असेल तर तुटलेल्या बोल्टच्या जागी हार्डवेअरच्या दुकानातला कडक बोल्ट टाकायचा नाही. तो बोल्ट तुटण्यासाठीच आहे. आमच्याकडे मात्र "टिकाऊ बोल्ट दे" म्हणून मागतात.

बेणणी कधी करायची यालाही यंत्राच्या बाजूने अर्थ आहे. ऑक्टोबर-नोव्हेंबरात गवत थोडं ओलं असतं तेव्हा करावी. जानेवारीपर्यंत थांबलं की गवत कोरडं ठणठणीत होतं, पातं जांभ्यावर आपटून ठिणगी उडते, जुन्या ट्रॅक्टरचा सायलेन्सर तापलेला असतो, त्यावर गवताचा चुरा साचतो. वणवा टाळण्यासाठी बेणणी करायची आणि बेणणीनेच वणवा लावायचा, असं व्हायला नको. पाण्याचा एक कॅन ट्रॅक्टरजवळ असावा.

एवढं सगळं एकेका बागायतदाराने करायचं हे मला मान्य आहे. पण काही गोष्टी त्याच्या हातात नाहीत. कृषी यांत्रिकीकरणाच्या अनुदानातून यंत्र घेतलं की खात्याची माणसं मोका तपासणीला येतात. यंत्र जागेवर आहे का, बिलाशी जुळतं का, फोटो. त्याच भेटीत शाफ्टवर आवरण आहे का, साखळ्या आहेत का आणि ज्या ट्रॅक्टरला हे जोडणार त्याचा क्लच एक की दोन, हे तीन प्रश्न विचारता येतील. एक क्लच असेल तर ओव्हररनिंग क्लच बसवल्याशिवाय अनुदान सोडू नये. मोवर भाड्याने देणाऱ्यांनाही हेच लागू व्हावं. मळणी यंत्रात हात जाण्याचे अपघात फार वाढले तेव्हा केंद्राने 1983 साली धोकादायक यंत्रे (नियमन) कायदा केला. मळणी यंत्राला जो नियम लागला तो फिरत्या शाफ्टला का लागू नये, हे मला समजत नाही.

आणि अपघात झालाच तर काय मिळतं तेही लोकांना माहीत असू द्या. गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजनेत मृत्यू झाल्यास दोन लाख आणि एक अवयव गेल्यास एक लाख रुपये मिळतात. पण ही योजना सातबाऱ्यावर नाव असलेल्या शेतकऱ्याला आणि त्याच्या कुटुंबातल्या एका व्यक्तीला आहे. आपल्या बागेत मोवर चालवणारा मुलगा बहुतेक वेळा परका, रोजंदारीवरचा. त्याचं नाव कुठल्याच सातबाऱ्यावर नसतं. अशा चालकाचा वैयक्तिक अपघात विमा मालकाने काढावा. त्याचा वर्षाचा हप्ता बेणणीच्या एका दिवसाच्या खर्चाहून फार वेगळा नसतो.

आमच्या तालुक्यात रामेश्वरला विद्यापीठाचं आंबा संशोधन उपकेंद्र आहे, जिल्ह्यात किर्लोसला कृषी विज्ञान केंद्र आहे. तिथे फवारणीची, छाटणीची प्रात्यक्षिकं होतात आणि लोक जातात. तसंच अर्ध्या दिवसाचं एक मोवरचं प्रात्यक्षिक व्हावं, आणि ते नव्या चकचकीत ट्रॅक्टरवर नको. आमच्यासारख्यांकडे असतो तसल्या, एका क्लचच्या, आवरण गेलेल्या ट्रॅक्टरवर व्हावं, म्हणजे कशाने काय होतं ते बघायला मिळेल. ट्रॅक्टर मी घेऊन येतो. शाफ्ट कापून दाखवायचं कामही माझ्याकडे.

पत्र लांबलं, हवी तिथे कात्री लावा. फक्त क्लचचा मजकूर राहू द्या. आणि शक्य असेल तर दसऱ्याच्या आत छापा. त्यानंतर आमच्याकडे मोवर मांगराबाहेर निघतात.

आपला,
एक बागायतदार व निवृत्त यांत्रिक
ता. देवगड, जि. सिंधुदुर्ग
(नाव व पत्ता संपादकांकडे दिला आहे.)